शंभर गोल आणि सात गुण

स्कॉटलंडच्या फुटबॉल लीगच्या जुन्या गुणतालिका समोर ठेवल्या की १९६०-६१ च्या मोसमात वरून तिसऱ्या जागी एक नाव दिसतं : थर्ड लॅनार्क. ३४ सामने, ४२ गुण, १०० गोल. त्यांच्या वर रेंजर्स आणि किलमार्नॉक, एवढे दोनच. सेल्टिक त्यांच्या खाली, चौथं. आता चार मोसम पुढे या. १९६४-६५. तेच नाव तळाला, अठराव्या जागी : ३४ सामने, ३ विजय, १ बरोबरी, ३० पराभव, एकूण गुण ७. आणखी तीन मोसम पुढे जाऊन १९६७-६८ ची तालिका काढली तर ते नाव पहिल्या विभागात नाही आणि दुसऱ्या विभागातही नाही.

१८७२ साली जन्मलेला, लीग जिंकलेला, स्कॉटिश कप दोनदा उचललेला क्लब सहा-सात वर्षांत नाहीसा झाला. फुटबॉलच्या इतिहासात लहान क्लबांच्या मरणाची एक ठरावीक गोष्ट सांगितली जाते. गाव ओस पडलं, कारखाने बंद झाले, प्रेक्षक आटले, शेवटी दाराला कुलूप लागलं. थर्ड लॅनार्कबद्दलही हेच म्हणून लोक मोकळे होतात. पण मोसमामागून मोसम त्यांची नोंद वाचत गेलं की ही गोष्ट पटत नाही. हा क्लब मैदानावर हरून संपला नाही. त्याला चालवणाऱ्यांनी त्याला संपवलं, आणि ते इतक्या थोड्या वेळात केलं की तालिकेतल्या आकड्यांवरही विश्वास बसू नये.

सुरुवात सैनिकी आहे. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोतल्या हॅमिल्टन क्रेसेंट या क्रिकेटच्या मैदानावर स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना झाला. कुणीच गोल केला नाही, पण शहराला खेळाचं वेड लागलं. बाराच दिवसांनी, १२ डिसेंबरला, थर्ड लॅनार्कशायर रायफल व्हॉलंटिअर्स या स्वयंसेवक पलटणीतल्या मंडळींनी एकत्र येऊन स्वतःचा फुटबॉल क्लब काढला. दिवसा नोकरीधंदा सांभाळून फावल्या वेळात कवायत करणारी ही माणसं. पलटणीचं नाव तेच क्लबचं नाव झालं. अंगात लाल शर्ट, म्हणून लोक त्यांना ‘रेडकोट्स’ म्हणत, ‘वॉरियर्स’ म्हणत. पुढे प्रेक्षकांच्या आरोळीवरून ‘हाय हाय’ हे लाडकं नाव पडलं. रोजच्या बोलण्यात मात्र नुसतं ‘थर्ड्स’.

स्कॉटिश शिपाई आणि फुटबॉल हे नातं आपल्याकडेही पोचलेलं आहे. १८८८ साली सिमल्यात ड्युरँड कप सुरू झाला तेव्हा अंतिम सामन्यातले दोन्ही संघ स्कॉटिश पलटणींचे होते. रॉयल स्कॉट्स फ्युजिलिअर्सनी हायलँड लाइट इन्फंट्रीला २-१ असं हरवलं. थर्ड लॅनार्कची पलटण स्वयंसेवकांची, घरापाशीच राहणारी. त्यामुळे तिचा खेळ छावण्यांतून हिंडला नाही, ग्लासगोच्या दक्षिण भागात रुजला.

१८७३ मध्ये स्कॉटिश फुटबॉल असोसिएशन स्थापन करणाऱ्या आठ क्लबांत थर्ड्स होते. १८९० मध्ये लीग सुरू करणाऱ्या अकरा क्लबांतही होते. त्या अकरांची यादी आज वाचताना मन थबकतं : अ‍ॅबरकॉर्न, कॅम्बसलँग, काउलेअर्स, रेंटन, व्हेल ऑफ लेव्हन. एके काळी ही नावं वर्तमानपत्रांत ठळक छापली जात. पैकी रेंटनला तर पहिल्याच मोसमात व्यावसायिकपणाच्या वादावरून काढून टाकण्यात आलं. थर्ड्सचाही तो मोसम साधा गेला नाही. अपात्र खेळाडू उतरवल्याबद्दल सेल्टिक, काउलेअर्स आणि थर्ड लॅनार्क या तिघांचे प्रत्येकी ४ गुण कापले गेले.

त्याआधीचा कपचा प्रवास चटका लावणारा आहे. १८७६ मध्ये अंतिम फेरी, क्वीन्स पार्ककडून पराभव. १८७८ मध्ये पुन्हा अंतिम फेरी, व्हेल ऑफ लेव्हनकडून ०-१. मग १८८९. समोर सेल्टिक, मैदानात उतरून वर्षही न झालेला नवा क्लब. २ फेब्रुवारीला हॅम्पडेनवर बर्फ साचलेलं. त्या बर्फात थर्ड्सनी सामना ३-० असा जिंकला, पण मैदानाच्या स्थितीवरून तो ग्राह्य धरला गेला नाही. अंतिम सामना आठवड्याने पुन्हा खेळवायचा असं ठरलं. जिंकलेला कप पुन्हा जिंकून दाखवायचा, याहून मोठी परीक्षा खेळात नसेल. थर्ड्स पुन्हा उतरले आणि २-१ ने जिंकले. स्कॉटलंडच्या फुटबॉलमध्ये हा ‘स्नो फायनल’ म्हणून ओळखला जातो. सेल्टिकचा पहिला स्कॉटिश कप त्यामुळे तीन वर्षं लांबला.

१९०३ हे वर्ष या क्लबच्या आयुष्यात सगळ्यात महत्त्वाचं. त्या वर्षी पलटणीशी असलेला औपचारिक संबंध संपून क्लबची कंपनी झाली. त्याच वर्षाच्या अखेरीला क्वीन्स पार्क क्लब आपल्या जुन्या हॅम्पडेनवरून जवळच बांधलेल्या नव्या, अवाढव्य हॅम्पडेनवर गेला आणि रिकामं झालेलं जुनं मैदान थर्ड्सनी घेतलं. आपल्या आधीच्या मैदानाचं कॅथकिन पार्क हे नाव त्यांनी बरोबर नेलं. इतिहास त्या गवताखाली आधीच होता. स्नो फायनल याच मैदानावर झाला होता.

त्या घालमेलीच्या मोसमात, १९०३-०४ मध्ये, त्यांनी लीग जिंकली. २६ सामन्यांत २० विजय, ३ बरोबरी, ३ पराभव, ४३ गुण. दुसऱ्या क्रमांकावरच्या हार्ट्सपेक्षा चार गुण जास्त. सेल्टिक आणि रेंजर्स ३८ वर. पुढच्या वर्षी कपच्या अंतिम सामन्यात रेंजर्सशी ०-० अशी बरोबरी झाली आणि फेरसामना थर्ड्सनी ३-१ ने जिंकला. १९०६ मध्ये पुन्हा अंतिम फेरी, या वेळी हार्ट्सकडून ०-१. तीन वर्षांत एक लीग, एक कप, एक उपविजेतेपद. ग्लासगोत सेल्टिक आणि रेंजर्स या दोन धार्मिक-सामाजिक छावण्यांभोवती फुटबॉल घट्ट होत चालला होता. त्या काळात कुठल्याच छावणीचा नसलेला क्लब दोघांनाही मागे टाकत होता. कॅथकिनवर जाणाऱ्याला त्याचा धर्म कुणी विचारत नसे, आणि शहराला अशा जागेची गरज होती असं मला वाटतं.

पुढची पन्नास वर्षं भराभर सांगता येतील. गोलरक्षक जिमी ब्राउनली १९०६ पासून पंधराहून अधिक वर्षं थर्ड्सच्या गोलसमोर उभा राहिला आणि स्कॉटलंडसाठी १६ सामने खेळला. १९२३ मध्ये संघ दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर, अर्जेंटिना आणि उरुग्वेला गेला. १९२५ मध्ये खालच्या विभागात घसरण, १९२८ ला परत वर, लगेच १९२९ ला खाली, १९३१ ला वर, १९३४ ला खाली, १९३५ ला वर. आणि वर आल्याच्या पुढच्याच मोसमात, १९३६ मध्ये, थेट कपची अंतिम फेरी. रेंजर्सचा बॉब मॅकफेल याच्या एका गोलाने तो सामना गेला. इतक्यांदा पडून उठणाऱ्या क्लबला अशक्त म्हणता येत नाही. घसरण त्याला ठाऊक होती आणि परतीची वाटही.

जिमी मेसनबद्दल मात्र थांबायला हवं. १९३६ ते १९५२, मधली युद्धाची वर्षं धरून, हा इनसाइड फॉरवर्ड एकाच क्लबकडून खेळला. १९४९ मध्ये वेम्बलीवर स्कॉटलंडने इंग्लंडला ३-१ असं हरवलं, त्यातला पहिला गोल मेसनचा. छोट्या चणीचा, चेंडूशी हळुवार वागणारा खेळाडू. थर्ड्सचे जुने प्रेक्षक सर्वोत्तम कोण या प्रश्नावर वाद घालत नसत. उत्तर ठरलेलं असे. त्याच्याच संघात १९४९ मध्ये अ‍ॅली मॅक्लाउड हा तरुण विंगर आला. १९७८ च्या वर्ल्ड कपला स्कॉटलंडचा संघ घेऊन अर्जेंटिनाला गेलेला प्रशिक्षक तो हाच.

१९५३ मध्ये संघ पुन्हा खालच्या विभागात गेला. तिथे असतानाच १९५४ मध्ये रेंजर्सविरुद्धच्या कप सामन्याला कॅथकिनवर ४५ हजारांवर माणसं लोटली होती. खालच्या विभागातला क्लब, आणि पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नाही. प्रेक्षक आटल्यामुळे क्लब मेला असं सांगणाऱ्याने हा आकडा आठवावा. १९५७ मध्ये थर्ड्स परत वर आले. १९५९ मध्ये लीग कपच्या अंतिम सामन्यात पोचले आणि हार्ट्सकडून २-१ असे हरले.

तोवर व्यवस्थापक म्हणून जॉर्ज यंग आला होता. स्कॉटलंडसाठी पन्नासहून अधिक सामने, त्यातले ४८ कर्णधार म्हणून. रेंजर्सच्या पोलादी बचावाचा तो कणा होता. हा बचावपटू थर्ड्सकडे आला आणि त्याच्या हाताखाली घडली ती स्कॉटलंडमधली सर्वांत धाडसी आघाडीची फळी. गुडफेलो, हिली, हार्ली, ग्रे, मॅकिनेस : उजवीकडून डावीकडे ही पाच नावं थर्ड्सची माणसं एका दमात म्हणत. अ‍ॅलेक्स हार्लीने १९६०-६१ मध्ये ४२ गोल केले. डेव्ह हिलीचे पाय चेंडूवरून कसे फिरत ते पाहायला लोक सामन्याच्या कितीतरी आधी येऊन थांबत. मोसमाचा शेवटचा सामना हिबर्नियनशी होता आणि शंभरी गाठायला सहा गोल हवे होते. थर्ड्स ६-१ ने जिंकले.

त्या मोसमात त्यांनी ८० गोल खाल्लेही. म्हणजे ३४ सामन्यांत दोन्ही बाजूंनी मिळून १८० गोल, दर सामन्याला पाचाहून जास्त. पैसे देऊन आत आलेल्या माणसाला याहून अधिक काय देता येतं? किलमार्नॉकने त्या वर्षी थर्ड्सपेक्षा आठ गुण जास्त मिळवले, तरी एखादा शनिवार निवडून त्या काळात जाता आलं तर मी कॅथकिनच निवडेन.

मग उतार लागला, आणि त्याची काही कारणं क्लबच्या हाताबाहेरची होती. जानेवारी १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या पगारावरची आठवड्याला २० पौंडांची मर्यादा उठली. आधीच दक्षिणेकडे जाणारे स्कॉटिश खेळाडू आता आणखी वेगाने जाऊ लागले. १९६२ मध्ये हार्ली मँचेस्टर सिटीला आणि हिली न्यूकॅसलला विकला गेला. वर्षभराने मॅट ग्रेही मँचेस्टर सिटीत. दुसरीकडे ग्लासगोचं नगरनियोजन. गॉरबल्समधल्या जुन्या, कोंदट चाळी पाडून तिथल्या माणसांना शहराच्या कडेच्या वसाहतींत आणि ईस्ट किलब्राइडसारख्या नव्या गावांत हलवायचं काम १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालं होतं. थर्ड्सचा प्रेक्षक याच दक्षिण भागातला. शनिवारी दुपारी पायी चालत मैदानावर येणारी पिढी बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे राहायला गेली.

पण हीच संकटं शेजारच्या क्लबांवरही आली होती. क्लाइड, पार्टिक थिसल, क्वीन्स पार्क : त्याच शहरातले, तेवढेच लहान, त्याच दोन बलाढ्यांच्या सावलीत राहणारे. क्लाइड १९६६-६७ मध्ये पहिल्या विभागात तिसरं आलं, नेमक्या त्या मोसमात जो थर्ड्सचा शेवटचा ठरला. पार्टिक थिसलने १९७१ च्या लीग कपच्या अंतिम सामन्यात सेल्टिकला ४-१ ने हरवलं. सगळ्यांना सारखाच वारा लागला आणि एकच घर कोसळलं, तर खांब कुणी काढले हे विचारावं लागतं.

१९६२ च्या अखेरीस बिल हिडलस्टन या ग्लासगोच्या व्यावसायिकाने क्लबचा ताबा मिळवला. त्याच सुमारास संचालक मंडळात फूट पडली आणि जॉर्ज यंग पद सोडून गेला. त्या मोसमात थर्ड्सनी ग्लासगो कप जिंकला. १९६३ मध्ये नवा स्टँडही बांधून झाला. बाहेरून पाहणाऱ्याला क्लब उभारी धरतोय असंच वाटलं असेल. आतून संघ रिकामा होत होता. खेळाडू विकले जात होते आणि त्या पैशातून त्यांच्या तोडीचा कुणीही येत नव्हता. देणी थकू लागली. व्यवस्थापक येत होते, जात होते.

१९६४-६५ चा मोसम वाचताना प्रत्येक ओळीवर डोळा अडखळतो. २२ गोल केले, ९९ खाल्ले. चार वर्षांपूर्वी ज्यांनी शंभर गोल केले त्यांच्यावर जवळजवळ तेवढेच झाले. त्या काळात विजयाला दोन गुण मिळत, बरोबरीला एक. तीन विजय आणि एक बरोबरी मिळून सात. या पडझडीत खेळणारी पोरं वाईट नव्हती. त्या वर्षांत इथे आलेला गोलरक्षक इव्हान विल्यम्स पुढे सेल्टिकला गेला आणि १९७० मध्ये मिलानला युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात सेल्टिकच्या गोलमध्ये उभा राहिला. खेळाडू घडवण्याची ताकद मरणाच्या दारातही या क्लबात होती.

दुसऱ्या विभागातले दोन मोसम तसे मध्यम गेले. १९६६-६७ मध्ये ११ वा क्रमांक. मैदानावर हा संघ मरत नव्हता. सावरत होता, असंही म्हणता येईल. पण कॅथकिनच्या पायऱ्यांवर आता शेकड्यांनीच माणसं असत. अनेकांनी येणं मुद्दाम थांबवलं होतं. क्लबवरचं प्रेम संपलं नव्हतं, पण आपले पैसे कुणाच्या हातात जातात ते त्यांना दिसत होतं. मैदान विकून तिथे घरं बांधायची, असं बोललं जात होतं. त्यामुळे दर शनिवारी त्यांना दोन वाईट गोष्टींतली एक निवडावी लागे : आत जाऊन त्या माणसांच्या हातात पैसे द्यायचे, किंवा बाहेर राहून क्लबला आणखी अशक्त करायचं.

२८ एप्रिल १९६७ रोजी डंबार्टनच्या बॉगहेड मैदानावर थर्ड लॅनार्क ५-१ असे हरले. तो एक गोल ड्रू बस्बीचा. क्लबच्या इतिहासातला तो शेवटचा गोल ठरला. बस्बी नंतर एअरड्री आणि हार्ट्सकडून बरीच वर्षं खेळला.

१९६७ च्या वसंताइतका वैभवाचा वसंत स्कॉटिश फुटबॉलला पुन्हा लाभला नाही. १५ एप्रिलला स्कॉटलंडने जगज्जेत्या इंग्लंडला वेम्बलीवर ३-२ असं हरवलं होतं. २५ मे रोजी लिस्बनमध्ये सेल्टिकने इंटर मिलानला हरवून युरोपियन कप जिंकला. तो जिंकणारा सेल्टिक हा ब्रिटनमधला पहिला क्लब. त्या संघातले खेळाडू सगळे ग्लासगोच्या आसपासच जन्मलेले. ३१ मे रोजी रेंजर्स कप विनर्स कपचा अंतिम सामना खेळले. एका शहरातले दोन क्लब युरोपच्या दोन अंतिम सामन्यांत. सगळ्यांचे डोळे तिकडे लागले असताना जुलैमध्ये न्यायालयाने थर्ड लॅनार्क अवसायनात काढला.

सरकारच्या व्यापार खात्याने चौकशी लावली. १९६८ मध्ये आलेल्या अहवालाने क्लबच्या कारभारावर, हिशेबांवर आणि हिडलस्टनच्या एकहाती सत्तेवर कडक ताशेरे ओढले. पुढे माजी संचालकांना कंपनी कायद्याच्या भंगाबद्दल दंड झाला. हिडलस्टन स्वतः अहवाल येण्याआधीच, नोव्हेंबर १९६७ मध्ये वारला होता. ९५ वर्षांच्या क्लबचा हिशेब त्या दंडात बसतो का, हे वाचकाने ठरवावं.

कॅथकिनवर घरं मात्र उभी राहिली नाहीत. परवानगी मिळाली नाही आणि मैदान शहराच्या ताब्यात जाऊन सार्वजनिक बाग झालं. ग्लासगोच्या क्रॉसहिल भागात ते आजही पाहता येतं. स्टँड गेला, पण तीन बाजूंच्या पायऱ्या आहेत. रेटारेटीत माणसं पडू नयेत म्हणून बसवलेले लोखंडी कठडे आहेत. पायऱ्यांच्या सांध्यांतून उगवलेली झाडं आता कठड्यांच्या वर कितीतरी वाढली आहेत. खाली हिरवळीवर हौशी संघ खेळतात, थर्ड लॅनार्क हे नाव लावणारा संघही. नवं हॅम्पडेन तिथून पायी काही मिनिटांवर आहे.

लीगने थर्ड्सची जागा भरली नाही. दुसरा विभाग १९ संघांवर चालू राहिला. संख्या विषम, त्यामुळे प्रत्येक फेरीत एक संघ बसून. रचना बदलून तीन विभाग झाले ते १९७५ मध्ये. त्यासाठी आधीच्या वर्षी एडिंबराचं मेडोबँक थिसल लीगमध्ये घेतलं होतं. १९९५ मध्ये मालकांनी त्या मेडोबँकलाच एडिंबराहून हलवून लिव्हिंग्स्टन केलं. २००२ मध्ये एअरड्रीओनियन्स अवसायनात निघालं. थर्ड लॅनार्कनंतर स्कॉटिश लीगमधला असा हा पहिलाच क्लब. मग एअरड्रीत नवा क्लब हवा म्हणून क्लाइडबँक विकत घेऊन त्याचं नाव आणि गाव बदलण्यात आलं. हे क्लाइडबँक स्वतंत्र क्लब म्हणून लीगमध्ये आलं ते १९६६-६७ मध्ये, थर्ड्सच्या शेवटच्या मोसमात. त्याच्या समर्थकांनी नंतर खालच्या पातळीवर स्वतःचा क्लब पुन्हा सुरू केला.

आणि हार्ट्स. १९०४ मध्ये थर्ड्सच्या मागे दुसरं आलेलं, १९०६ आणि १९५९ च्या अंतिम सामन्यांत थर्ड्सना हरवलेलं हार्ट्स २०१३ मध्ये कर्जाने बुडायला आलं होतं. त्याच्या हजारो समर्थकांनी ‘फाउंडेशन ऑफ हार्ट्स’ ही संस्था धरून दरमहा आपापल्या पगारातून पैसे भरले. एका उद्योजक बाईने मधल्या काळात क्लब सांभाळला, आणि २०२१ मध्ये बहुसंख्य भाग समर्थकांच्या नावावर झाले. मैदान किंवा नाव विकायचं असेल तर आता त्यांना विचारावं लागतं. १९६७ च्या जुलैत कॅथकिनच्या माणसांना कुणी काही विचारलं नव्हतं.